खोलीवरचा भात आणि बांधावरची तूर

चंद्रपूर किंवा गडचिरोलीसारख्या ठिकाणी शिकायला आलेल्या, पण वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना सुरू केली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनाही त्याच सुमारास आली. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला वर्षाला ४३,००० रुपये, आणि त्यातले २५,००० जेवणासाठी, असा सुरुवातीचा दर होता. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर जेवणाला महिन्याकाठी अडीच हजार, म्हणजे दिवसाला ८३ रुपये येतात. ज्यांना हा आधार मिळत नाही, त्यांच्या घरून याहून फार मोठी रक्कम येत असेल असं धरता येत नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत उभं राहिलं आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलामुलींचं पदवीचं शिक्षण नागपूरपेक्षा जवळ आलं. पण सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोज येऊन-जाऊन शिकणं शक्य नाही. खोली करावी लागते, खोलीवर स्वयंपाक करावा लागतो, आणि या ८३ रुपयांत काय घ्यायचं हा प्रश्न अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर किंवा मुलासमोर येतो. या वयात अंग अजून भरत असतं आणि अभ्यासाचा ताणही असतो. म्हणून हा प्रश्न नीट हिशोब मांडून सोडवायला हवा.

स्वस्त काय, हे आपण किलोच्या भावावरून ठरवतो. त्या मापानं तांदूळ जिंकतो आणि डाळ हरते. म्हणून महिनाअखेरीस पैसे कमी पडले की आधी डाळ पातळ होते, मग वरणाच्या जागी नुसता रस्सा येतो, आणि शेवटच्या आठवड्यात भात-लोणचं किंवा बिस्किटाच्या पुड्यावर निभावून नेलं जातं. हे माप चुकीचं आहे. खोलीवरच्या विद्यार्थ्यानं वस्तूचा भाव किलोला किती हे न पाहता प्रथिनाच्या एका ग्रॅमला किती हे पाहावं. तसं पाहिलं तर किराण्याच्या यादीतला क्रम उलटापालटा होतो.

दुकानातले भाव रोज हलतात, म्हणून इथे हमीभाव घेऊ. ते सगळ्यांना ठाऊक असतात आणि वर्षभर टिकतात. २०२४-२५ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, तुरीचा ७,५५० आणि सोयाबीनचा ४,८९२. त्याच वर्षीच्या रब्बी हरभऱ्याचा ५,६५०. धान भरडल्यावर साधारण दोन तृतीयांश तांदूळ हाती येतो, म्हणजे भरडाई, पोतं, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे काहीही न धरता तांदूळ किलोला ३४ रुपयांच्या घरात जातो. किलोभर तांदळात सुमारे ७९ ग्रॅम प्रथिनं असतात. एका ग्रॅमला ४३ पैसे पडले. हरभरा भरडावा लागत नाही, तो अख्खाच शिजतो. किलोत सुमारे १८८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे एका ग्रॅमला ३० पैसे. किलोला २२ रुपयांनी महाग असलेला हरभरा प्रथिनाच्या मापानं तांदळापेक्षा स्वस्त निघाला. तूर मात्र डाळ करताना घटते. शंभर किलो तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ होते, त्यामुळे तूरडाळीतलं प्रथिन ग्रॅमला ४८ पैशांच्या आसपास जातं. आपल्या घरातली सगळ्यात लाडकी डाळ या यादीत सगळ्यात महाग आहे. आणि राजुरा-कोरपना-वरोऱ्याच्या काळ्या जमिनीत पिकणारं सोयाबीन १४ पैशांवर येतं. दुकानात हे सगळे आकडे वाढतात, पण त्यांचा आपसातला क्रम सहसा बदलत नाही.

यावर पहिली शंका अशी येईल की तांदळातही प्रथिनं आहेतच, भात पोटभर खाल्ला की झालं. शंका रास्त आहे, कारण भाताचा वाटा खरोखरच मोठा असतो. दिवसाला साडेतीनशे ग्रॅम तांदूळ शिजवला तर त्यातून २७-२८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या मुलीला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास आणि ६५ किलोच्या मुलाला ५४ ग्रॅम प्रथिनं हवीत. नुसत्या भातानं एवढं गाठायचं तर तांदूळ जवळजवळ दुप्पट करावा लागेल आणि एवढा भात खाणं कुणालाच झेपणार नाही. शिवाय संख्येपलीकडेही एक अडचण आहे. प्रथिनं ज्या घटकांनी बनतात त्यांतला लायसिन नावाचा घटक तांदळात कमी असतो, आणि तो कमी असेल तर बाकीच्या घटकांचाही पुरता उपयोग शरीराला करता येत नाही. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर असतं. त्यांच्यात मेथिओनिन कमी असतं, ते तांदूळ देतो. म्हणून एकाच ताटात दोन्ही आले की भाताचीही किंमत वाढते. याच संस्थेच्या दोन हजार कॅलरींच्या आदर्श ताटात २५० ग्रॅम धान्यासोबत ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत, साधारण तीनास एक. साडेतीनशे ग्रॅम तांदूळ आणि ८५ ग्रॅम कडधान्य घेतलं तर प्रथिनं ४५ च्या आसपास जातात. मुलाला त्यावर एक अंडं आणि मूठभर शेंगदाणे पुरतात. महिन्याची यादी मग साडेदहा किलो तांदूळ, अडीच किलो डाळ-कडधान्य आणि लिटरभराहून थोडं कमी तेल एवढ्यावर येते. यातले अडीच किलो काही झालं तरी कमी होऊ द्यायचे नाहीत. काटकसर करायचीच असेल तर ती तांदळाच्या जातीत करावी. गिरणीवर मिळणारी कणी म्हणजे तुटलेला तांदूळच असतो, दाणा मोडल्यानं त्यातलं काही कमी होत नाही. खिचडीला आणि आंबिलीला ती अख्ख्या तांदळाइतकीच कामाची.

हा तीनास एक कुठल्या प्रयोगशाळेनं झाडीपट्टीला शिकवला असं नाही. नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यातलं धानाचं शेत पाहिलं की तो जमिनीवरच लिहिलेला दिसतो. बांधीत धान, बांधावर तूर. धान कापणीला यायच्या दहा-पंधरा दिवस आधी, चिखलात ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळी (लाख) किंवा जवस फेकून पेरायचं. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या खालच्या बांधीत राहिलेल्या ओलाव्यावर दुसरं पीक निघतं. जिथे जमीन भारी तिथे हरभरा. अंगणात पोपटाच्या (वालाच्या) शेंगा आणि मुंगण्याचं (शेवग्याचं) झाड. एकाच कुटुंबाच्या शेतातून भात, डाळ आणि तेलबी तिन्ही घरात येत. मुलगा शिकायला निघतो तेव्हा त्याच्यासोबत यातलं काय येतं, तर तांदळाचं पोतं. ते घरात जास्त असतं, शिजवायला सोपं असतं आणि मायेनं पाठवलेलं असतं. नांदेडच्या (नागभीड तालुक्यातल्या) दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या लहानशा शेतात वेगळ्या लोंब्या हेरून त्या वेगळ्या पेरत पेरत जे वाण उभं केलं, ज्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं, तो बारीक तांदूळ आज या पोत्यांमध्ये असतो. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांच्या तांदळाबद्दल अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण शेतातली जोडी शहरात येताना फुटते. तांदूळ घरून येतो आणि डाळ रोखीनं घ्यावी लागते, म्हणून डाळ महाग वाटते. पोत्यासोबत पाच किलो हरभरा आणि दोन किलो जवस घरूनच निघालं तर विद्यार्थ्याचा रोख खर्च तेवढाच राहील आणि ताट पुरं होईल. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

इथे लाखोळीचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण स्वस्त डाळ म्हटलं की पूर्व विदर्भात पहिलं नाव तिचंच निघतं. तिच्यात प्रथिनं तुरीपेक्षाही जास्त असतात आणि ती जवळजवळ फुकट पिकते. तिच्यात ओडीएपी नावाचा एक घटकही असतो, जो महिनोन्‌महिने मोठ्या प्रमाणात पोटात गेला तर पायांच्या नसांवर परिणाम करतो आणि पाय कायमचे ताठरतात. याच कारणानं १९६१ मध्ये केंद्रीय नियमांनी तिच्या विक्रीवर बंदी आणली. झाडीपट्टीतला शेतकरी म्हणतो, आमच्या आज्या-पणज्यांनी ही खाल्ली, कुणी पांगळं झालं नाही. त्याचं म्हणणंही खोटं नाही. हा आजार जिथे पसरला तिथे दुष्काळात किंवा मजुरीत लाख मिळत असल्यानं माणसं दोन-तीन महिने जवळजवळ तिच्यावरच जगली होती. भात, भाजी, इतर डाळी यांच्यासोबत अधूनमधून खाल्लेल्या वरणाची गोष्ट वेगळी आहे. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं की ओडीएपीचा बराच भाग निघून जातो, हेही खरं, आणि रतन, प्रतीक, महातिवडा यांसारखी कमी ओडीएपीची वाणंही आली आहेत. तरीही खोलीवरच्या विद्यार्थ्यानं ती आपली रोजची डाळ करू नये. घरच्या स्वयंपाकात जी विविधता या डाळीला निरुपद्रवी ठेवते, तीच खोलीवर नसते. एकटा माणूस जे स्वस्त मिळतं तेच महिनाभर शिजवतो, आणि त्या सवयीनंच धोका वाढतो. घरी गेल्यावर लाखोळीची भाजी खावी, खोलीवर हरभरा ठेवावा. फारच स्वस्त मिळणाऱ्या सुट्या बेसनाबद्दलही सावध राहावं, कारण त्यात लाखेचं पीठ मिसळण्याचा प्रकार जुना आहे. हरभरा आणून चक्कीवर दळून घेतला तर ती शंका उरत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि गॅसचा आहे. हरभरा शिजायला वेळ लागतो, सकाळी तासिका असतात, घरमालक विजेची शेगडी वापरू देत नाही. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच यादीत प्रत्येक वस्तू कशी शिजते हे किमतीइतकंच महत्त्वाचं. रात्री भिजत घातलेला हरभरा कुकरमध्ये न भिजवलेल्यापेक्षा बऱ्याच कमी गॅसवर शिजतो आणि मोड आणून कांदा-लिंबासोबत खाल्ला तर गॅस लागतच नाही. मसूरडाळ आणि मूगडाळ तांदळासोबत एकाच कुकरमध्ये, एकाच वेळी शिजतात. पिठलं दहा मिनिटांत होतं. फुटाण्यांना काहीच करावं लागत नाही. बिस्किटाच्या शंभर ग्रॅममध्ये सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, फुटाण्यांत त्याच्या तिपटीच्या आसपास. वर्गाच्या मधल्या सुट्टीत खिशातून फुटाणे आणि गुळाचा खडा निघाला तर संध्याकाळपर्यंत दम राहतो. सोयाबीन अख्खं खायचं तर ते नीट भिजवून, पूर्ण शिजवून किंवा भाजूनच खावं, कच्चं पचत नाही. सोयाबीनची वडी ही तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीची असते, तिच्यात वजनाच्या निम्म्याइतकी प्रथिनं असतात, आणि आठवड्यातून दोन-तीनदा भाजीत टाकली तरी फरक पडतो. गॅसबद्दल एक सांगायला हवं. पाच किलोचं छोटं सिलिंडर कायदेशीरपणे, पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतं. गल्लीत मोठ्या टाकीतून छोट्यात भरून मिळणारा गॅस थोडा जवळ पडतो म्हणून घेऊ नये. भाड्याच्या बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

एकट्यानं पाव-पाव किलोच्या पुड्या घेतल्या की भाव चढतो. तीन-चार खोलीमित्रांनी मिळून महिन्याचं एकदम घेतलं तर तोच माल कमी पैशात येतो. भत्ता हप्त्यांनी येतो आणि भूक रोज लागते, ही अडचण कोरडा किराणा सोडवतो. पैसे आले त्या दिवशी तीन महिन्यांचं कडधान्य घेऊन ठेवता येतं. दूध-भाजीचं तसं होत नाही. अट एवढीच की ते टिकवता आलं पाहिजे. पावसाळ्यात कडधान्याला भुंगा लागतो, म्हणून आधी दोन दिवस कडक उन्हात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांपर्यंत जातो, तेव्हा जवसाची आणि शेंगदाण्याची पूड खवट होते. जवस अख्खं ठेवावं आणि आठवड्यापुरतं भाजून, मीठ-लसूण-तिखटासोबत कुटावं. बुरशी धरलेला शेंगदाणा भाजून चालवून घेऊ नये, त्यातलं विष भाजण्यानं पुरतं जात नाही.

जंगलाबद्दल लिहिताना लोक हळवे होतात आणि म्हणतात, गडचिरोलीच्या दोन तृतीयांशाहून जास्त जमिनीवर जंगल आहे, रानभाज्या आहेत, मोह आहे, मग तुटवडा कसला. रानाचं देणं मोठं आहे, पण ते वेगळ्या गोष्टीचं आहे. मोहफुलात साखर भरपूर, प्रथिनं थोडी. डाळीची जागा ते घेऊ शकत नाही. चारं, टेंभरं, आवळे, पहिल्या पावसातला तरोटा, पावसाळ्यातल्या सात्या (अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब), यांचा खरा उपयोग जीवनसत्त्वं आणि खनिजं यांसाठी आहे, आणि ती गरज या दोन जिल्ह्यांत फार मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मुलींना दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं असतं, मुलांना १९. कडधान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट, क जीवनसत्त्वाचं काहीतरी हवं, आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण चहा ते लोह अडवतो. आठवडी बाजारात लिंबू, आवळा, मुंगण्याचा पाला हे सगळं पावडरच्या डब्याच्या तुलनेत किरकोळ पैशात मिळतं. त्याच बाजारातले सुके झिंगे पाहावेत. पाणी उडून गेल्यानं मूठभर झिंग्यांत ताज्या मासोळीच्या कितीतरी पट प्रथिनं असतात, कवचासकट खाल्ल्यानं कॅल्शियम मिळतं, आणि डाळ-भातात मुळीच नसलेलं बी-१२ मिळतं. मीठ जास्त असतं म्हणून धुऊन घ्यावेत. जे मासे-झिंगे खात नाहीत त्यांनी अंडं किंवा दही-ताक ठेवावं. अंडं सहा रुपयांना मिळालं तरी त्यातलं प्रथिन ग्रॅमला रुपया पडतं, हरभऱ्याच्या तिप्पट. पण बी-१२ हरभऱ्यात नाही, म्हणून हा खर्च करावाच.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळा आहे. गरीब मुलांनाच हरभऱ्याचा हिशोब का शिकवायचा? पोटभर आणि चांगलं जेवण ही सरकारची जबाबदारी नाही का? आहे. आणि प्रत्येक गरजू मुलीला वसतिगृहात ताट मिळालं असतं तर हा हिशोब मांडायची गरजच पडली नसती. २०१६-१७ मध्ये धानाचा हमीभाव १,४७० होता आणि तुरीचा बोनससकट ५,०५०. आठ वर्षांत दोन्ही दीडपटीच्या आसपास गेले. शेतकऱ्यासाठी ही वाढ न्याय्य आहे. पण जेवणाचा भत्ता सरकारी निर्णयाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. माझं म्हणणं असं की हा भत्ता धान, तूर आणि हरभऱ्याच्या हमीभावाला कायमचा बांधून टाकावा. दर वर्षी केंद्र भाव जाहीर करतं, त्याच प्रमाणात विद्यार्थ्याच्या खात्यातली रक्कम आपोआप वाढावी. वेगळी समिती नको, मोर्चा नको. हे होईपर्यंत मात्र मुलं जेवणारच आहेत, आणि त्यांना आजच्या पैशात जास्तीत जास्त बळ मिळावं असं सांगणं म्हणजे सरकारची जबाबदारी माफ करणं नव्हे.

एक हक्क तर आजही हाताशी आहे आणि तो फार कमी वापरला जातो. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबात प्रत्येक सदस्यामागे महिन्याला पाच किलो धान्य आहे, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि २०२४ पासून पुढच्या पाच वर्षांसाठी तसंच ठेवण्याचा निर्णय झाला आहे. मुलीचं नाव एटापल्लीच्या कार्डावर आहे आणि ती चंद्रपुरात राहते, म्हणून तिचा वाटा गावातच उचलला जातो किंवा उचललाच जात नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत देशातल्या कुठल्याही रेशन दुकानावर अंगठा देऊन कार्डावरचं धान्य घेता येतं, आणि सगळं एकदम घ्यायचं बंधन नाही. ती आपले पाच किलो चंद्रपुरात घेईल, आईवडील आणि भाऊ आपला वाटा गावात घेतील. कार्डाला तिचा आधार क्रमांक जोडलेला असला की पुरे. या तांदळात लोहयुक्त दाणे मिसळलेले असले तर ते थोडे वेगळे दिसतात, धुताना तरंगतातही, म्हणून लोक त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून वेचून फेकतात. फेकू नयेत. फक्त सिकलसेल किंवा थॅलसेमिया असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, आणि या भागात सिकलसेल पुष्कळ आहे. महिन्याच्या साडेदहा किलो तांदळातले पाच किलो असे विनामूल्य आले की हमीभावाच्या हिशोबानंच १७० रुपये वाचतात. तेवढ्यात, त्याच हिशोबानं, तीन किलो हरभरा येतो. महिन्याला लागणाऱ्या अडीच किलोंपेक्षा तो अर्धा किलो जास्तच आहे.